मेंदूज्वर आणि वऱ्हाड: धोका कुठे, फवारा कुठे

मेंदूज्वराचा संशयित रुग्ण आढळला की गावात सर्वांत आधी येते ते धुराचे मशीन. संध्याकाळी ते घरघरत गल्लीतून फिरते, पोरे मागे धावतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि उपाययोजना झाली असे सगळ्यांना वाटते. या धुराने उडते डास काही तासांपुरते कमी होतात, एवढे खरे. पण अमरावती-अकोल्याकडच्या मुलाला मेंदूज्वर ज्या कारणांनी होऊ शकतो, त्यांतल्या बहुतेकांना हा धूर शिवतही नाही. धोका एकीकडे आणि फवारा दुसरीकडे, ही वऱ्हाडातल्या मेंदूज्वर-प्रतिबंधाची मुख्य अडचण आहे.

मेंदूज्वर हा एकच एक आजार नाही. ताप, आणि त्यासोबत शुद्ध हरपणे, बरळणे किंवा झटके येणे, असे दिसले की आरोग्य खाते त्याची नोंद ‘अ‍ॅक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम’ या सदरात करते. या एका सदरात वेगवेगळे विषाणू येतात, जिवाणू येतात, मेंदूत शिरलेला मलेरियाही येतो. त्यांतले काही प्रकार कुणालाही, कुठेही होऊ शकतात. नागिणीच्या कुळातल्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूने होणारा मेंदूज्वर तसा आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटून होणाराही तसाच. ते टाळण्याचा खात्रीचा मार्ग आज कोणाच्याच हाती नाही, म्हणून ते येथे बाजूला ठेवतो. उरलेल्यांची विभागणी विषाणूंच्या नावांनी न करता संसर्ग जिथे होतो त्या जागांनी केली, तर सामान्य माणसाला काय करता येईल ते लवकर कळते. वऱ्हाडात या जागा मुख्यतः चार आहेत: घराची भिंत, साचलेले पाणी, गवत आणि कुत्र्याचा दात. त्यांतली भिंत सर्वांत दुर्लक्षित आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

भिंत

चांदीपुरा हे नागपूरजवळचे गाव. १९६५ मध्ये नागपूर भागात डेंगी-चिकुनगुन्याच्या तापाची साथ चालू असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवाच विषाणू वेगळा केला. भट्ट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. पुढे जवळजवळ चार दशके तो प्रयोगशाळेच्या नोंदवह्यांतच राहिला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली आणि १८३ दगावली, तेव्हा त्या मुलांच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला. त्या साथीतले करीमनगर आणि वारंगळ हे भाग आज तेलंगणात मोडतात. त्याच वर्षी महाराष्ट्रातही मुले गेली. २००७ मध्ये नागपूर विभागात ७८ मुलांची नोंद झाली. त्यांत मृत्यूचे प्रमाण ४४ टक्क्यांच्या जवळ होते. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत पुन्हा साथ आली. जून ते १५ ऑगस्ट या काळात देशभरात, मुख्यतः गुजरातेत, २४५ मेंदूज्वराचे रुग्ण, ८२ मृत्यू, आणि त्या रुग्णांपैकी ६४ जणांत चांदीपुरा विषाणू सिद्ध झाला. सिद्ध झालेल्यांचे प्रमाण एक चतुर्थांशाच्या थोडे वर आहे, हे लक्षात ठेवावे. गाजलेल्या साथीतसुद्धा बहुतेक रुग्णांच्या आजाराला या विषाणूचे नाव मिळत नाही.

हा आजार पंधरा वर्षांखालच्या मुलांना गाठतो. मोठ्या माणसांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे बऱ्याच प्रमाणात सापडतात. म्हणजे लहानपणी कधीतरी साधा ताप येऊन बहुतेकांची या विषाणूशी गाठ पडून गेलेली असते. ज्या थोड्या मुलांत तो मेंदूपर्यंत पोहोचतो तिथे मात्र सकाळी ताप, दुपारी उलट्या आणि झटके, रात्री बेशुद्धी असा वेग असतो. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत निकाल लागतो. लस नाही, खास औषध नाही. म्हणून या विषाणूच्या बाबतीत प्रतिबंध म्हणजे तो पसरवणाऱ्या माशीपासून बचाव.

ही वाळूमाशी, आरोग्य खात्याच्या पत्रकात ‘सॅण्डफ्लाय’. डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, केसाळ, मातकट रंगाची. डासासारखी गुणगुणत नाही, त्यामुळे कानाला तिची चाहूल लागत नाही. उडण्यात दुबळी, टुणटुण उड्या मारत जमिनीलगत फिरणारी. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते, दिवसा भिंतींच्या भेगांत, कोपऱ्यांत, कोठ्याच्या अंधारात दडून राहते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती पाण्यात अंडी घालत नाही. शेण, पालापाचोळा, जनावरांचे मूत मिसळलेल्या ओलसर मातीत तिच्या अळ्या वाढतात. संसर्ग झालेल्या मादीच्या अंड्यांतून विषाणू पुढच्या पिढीतही उतरू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. साथ सरली म्हणजे विषाणू गावातून गेला, असे म्हणूनच धरता येत नाही.

आता वऱ्हाडातले घर डोळ्यांपुढे आणा. मातीच्या जाड भिंतींचे जुने धाब्याचे घर, तुराट्यांचा नाहीतर पऱ्हाट्यांचा कुड करून वर मातीचा लेप दिलेली खोली, तिला लागून जनावरांचा कोठा, मागे उकिरडा. काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि पावसाळ्यात फुगते, तिच्या हालचालीबरोबर भिंतींनाही भेगा जातात. पहिला पाऊस पडला की त्या भेगांच्या तळाशी ओल येते. घरकुल योजनेतून सिमेंट-विटांचे घर झाले तरी शेजारी जुना कोठा तसाच उभा असतो आणि पोर रात्री ओट्यावर, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेले असते. माशीला राहायला, वाढायला आणि खायला लागणारे सारे काही वीस-पंचवीस पावलांच्या आत आहे.

डेंगीसाठी वर्षानुवर्षे शिकवलेला आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ इथे निरुपयोगी ठरतो. रांजण घासून पालथा घातल्याने डेंगीचा एडिस डास कमी होतो, म्हणून ते केलेच पाहिजे. पण वाळूमाशीच्या संख्येवर त्याचा परिणाम शून्य. ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धांचीही तीच गत. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा अभियानाने अनेक गावांचे रस्ते आणि दर्शनी भाग स्वच्छ झाले, हे मोलाचे काम आहे. परंतु तपासणीला आलेली समिती चावडीसमोरून फिरते, कोठ्याच्या मागच्या भिंतीला हात लावून पाहत नाही. माशी नेमकी तिथे असते.

धुराच्या फवारणीचे दुखणे आता उघड होते. धुरातले कीटकनाशकाचे थेंब हवेत तरंगतात आणि विरतात. भेगेत बसलेल्या माशीपर्यंत ते जात नाहीत, आणि मातीतल्या अळीपर्यंत तर नाहीच. याउलट भिंतीवर आतून मारायच्या फवारणीचा कोरडा थर उरतो, माशी त्यावर टेकली की मरते, आणि तो थर साधारण अडीच-तीन महिने काम देतो. काळा आजार पसरवणारीही वाळूमाशीच. बिहारमध्ये त्या आजाराविरुद्ध वर्षानुवर्षे हेच शस्त्र वापरले गेले. वाळूमाशी या कीटकनाशकांपुढे डासाहून दुबळी ठरत आली आहे, म्हणजे शस्त्र चालते. चुकते ती वेळ.

आपल्याकडे भिंतीवरची फवारणी बहुधा रुग्ण सापडल्यावर होते, म्हणजे जुलैत. त्यानंतर महिना-दीड महिन्यात पोळा येतो, मग महालक्ष्म्या. सणाआधी घराला पांढऱ्या मातीचा पोतारा दिलाच पाहिजे, भिंती सारवल्याच पाहिजेत. घरातल्या बाईने ओल्या मातीचा हात फिरवला की सरकारी खर्चाचा सगळा थर मातीखाली गाडला जातो. यात तिचा काहीच दोष नाही, तिला कोणी सांगितलेलेच नसते. फवारणी करणारा कर्मचारी येतो तेव्हा ती निंदणाला शेतात, घराला कुलूप. घर उघडे असले तरी देवघर, स्वयंपाकघर आणि धान्याची खोली वगळली जाते. मग उरते बाहेरची भिंत.

क्रम उलटा केला तर हा पेच सुटतो. वैशाख-ज्येष्ठात, पेरणीची धांदल सुरू होण्याआधी, घराच्या आणि कोठ्याच्या भेगा माती-भुशाने किंवा सिमेंटने भरून लिंपून घ्याव्यात. लिंपण वाळल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, आतून फवारणी व्हावी, कोठ्यासकट. म्हणजे जून ते ऑगस्ट या धोक्याच्या काळात थर शाबूत राहतो. पोळ्याच्या सुमारास त्याचा जोर तसाही सरत आलेला असतो; मग महालक्ष्म्यांसाठी खुशाल पोतारा द्यावा. यात खर्च एका पैशाने वाढत नाही, तारखा तेवढ्या बदलतात.

घरच्या घरी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. कोठ्यातले शेण-मूत रोज उचलावे, तळ शक्य तितका कोरडा ठेवावा, उकिरडा झोपण्याच्या जागेपासून दूर न्यावा, कोंबड्यांचे खुराडे घराच्या भिंतीला टेकवू नये. मच्छरदाणीबाबत मात्र एक अडचण आहे. नेहमीच्या मच्छरदाणीच्या छिद्रातून वाळूमाशी आत शिरू शकते. फार बारीक जाळीची घेतली तर उकाड्यात मूल तिच्यात झोपत नाही. म्हणून कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी घ्यावी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. मुलांना जमिनीऐवजी बाजेवर झोपवल्याने थोडा फरक पडू शकतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. संध्याकाळनंतर पोराच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पायजमा असावा.

पाणी

मेंदूज्वर म्हटले की पुस्तकांत जपानी मेंदूज्वर येतो आणि त्याच्यासोबत भाताच्या खाचरांचे चित्र. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीला ते चित्र लागू आहे. वऱ्हाड कापूस, तूर आणि सोयाबीनचा प्रदेश. इथे बांधीत उभे पाणी नसते. म्हणून धोका कमी आहे, पण शून्य नाही. हा विषाणू पसरवणारे क्युलेक्स जातीचे डास गवताळ उथळ पाण्यात कुठेही वाढतात. कालव्यांच्या कडेची डबकी, पाझराचे खड्डे, आणि खारपाण पट्ट्यात गोड्या पाण्यासाठी खोदलेली शेततळी काठावर गवत माजले की या डासांना चालतात. शेततळ्याचे काठ साफ ठेवणे आणि त्यात गप्पी मासे सोडणे हे दोन्ही उपाय स्वस्त आहेत.

विषाणूचा मुक्काम बगळ्यांत आणि डुकरांत असतो. डुकराच्या रक्तात तो झपाट्याने वाढतो आणि डास तिथून तो उचलतात. माणसाच्या रक्तात तो इतका वाढत नाही की डासाला पुढे नेता यावा. त्यामुळे रुग्णाजवळ बसल्याने हा आजार होत नाही आणि त्याला वाळीत टाकण्याचे काही कारण नाही. नगरपालिका दर पावसाळ्यात डुकरे पकडण्याची मोहीम काढतात, दोन महिन्यांत डुकरे परत येतात. वस्तीपासून दूर, बंदिस्त वाडा करून डुकरे पाळायला जागा दिली तर तो उपाय टिकेल. पाळणाऱ्यांचे पोट त्यावर आहे, हे विसरून केलेली कोणतीही मोहीम टिकत नाही.

संसर्ग झालेल्या सुमारे अडीचशेंपैकी एकालाच गंभीर आजार होतो. पण ज्याला होतो त्याच्या मृत्यूची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत जाते, आणि वाचलेल्यांतही अनेकांना बोलण्यात, चालण्यात, बुद्धीत कायमचे व्यंग राहते. या आजाराला लस आहे. ज्या जिल्ह्यांत ती नेहमीच्या लसीकरणात घेतली आहे तिथे नवव्या महिन्यात आणि सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान असे दोन डोस मिळतात. मुलाच्या लसीकरण कार्डावरचा ‘जेई’चा रकाना उघडून पाहावा, रिकामा असेल तर आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला त्याचे कारण विचारावे.

त्याच भेटीत मिळणाऱ्या गोवर-रुबेला लसीची गणनाही मेंदूज्वराच्या प्रतिबंधातच व्हायला हवी. गोवर झालेल्या हजार मुलांमागे साधारण एकाला मेंदूज्वर होतो. मेळघाटातून कामासाठी बाहेर पडणाऱ्या कोरकू कुटुंबांच्या मुलांचे डोस नेमके स्थलांतराच्या महिन्यांत चुकतात. ही कुटुंबे होळीला गावी परततात; तेव्हा गावात लसीकरणाचे सत्र ठेवले तर राहिलेली मुले सापडतात.

गवत आणि दात

निंदणाला, वैरण कापायला, संत्र्याच्या बागेत किंवा धुऱ्यावर बसलेल्या माणसाच्या अंगावर झुडपांतल्या माइट नावाच्या बारीक किड्याची अळी चढते. डोळ्याला ती जवळजवळ दिसतच नाही. तिच्या चाव्यातून ओरिएन्शिया हा जिवाणू शरीरात जातो आणि स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि भोवतालच्या भागात याची साथ आली, तेव्हा हे नाव विदर्भात घरोघरी पोहोचले. गोरखपूरकडच्या मुलांचा मेंदूज्वर कित्येक वर्षे केवळ जपानी मेंदूज्वराच्या खाती मांडला जात होता. नंतरच्या अभ्यासांत असे दिसले की तिथल्या अर्ध्याहून अधिक मुलांच्या आजारामागे स्क्रब टायफस आहे. महत्त्व या गोष्टीचे आहे की तो डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन या साध्या, स्वस्त औषधांनी बरा होतो. फक्त ती औषधे मेंदूपर्यंत आजार पोहोचण्याआधी सुरू व्हायला हवीत.

ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये ताप चार-पाच दिवस टिकला, तर काखेत, जांघेत, कमरेच्या दोरीखाली, मुलाच्या मांडीवर काळी खपली दिसते का ते पाहावे. सिगारेटचा चटका बसल्यासारखी ती दिसते आणि दुखत नसल्याने रुग्ण स्वतः सांगत नाही. ती नसली म्हणून आजार नाही, असेही धरू नये. डॉक्टरला मात्र आपण शेतात काम करतो हे न विचारता सांगावे. शेतातून आल्यावर अंगाला साबण लावून आंघोळ, कपडे गरम पाण्यात धुणे, धुतलेले कपडे गवतावर न वाळवणे, आणि तुराट्या-पऱ्हाट्यांचे ढीग घराला चिकटून न रचणे, एवढ्याने धोका बराच उतरतो. त्या ढिगांत उंदीर राहतात, आणि माइट उंदरांच्या संगतीने घराजवळ येते.

रेबीजला आपण मेंदूज्वर म्हणत नाही, पण तो मेंदूज्वरच आहे, आणि लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक. उलट चावल्याबरोबर पावले उचलली तर तो जवळजवळ हमखास टळतो. कुत्रा चावला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट लावू नये. लस त्याच दिवशी सुरू करावी आणि पुढच्या तारखा चुकवू नयेत. रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिनही मागून घ्यावे. ही लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. पोरे मार पडेल या भीतीने चावा लपवतात, तेव्हा रागवायचे नाही हे घरातल्या मोठ्यांनी आधीच ठरवून ठेवावे.

पहिले काही तास

सगळे करूनही एखाद्या मुलाला आजार होणारच. तिथून पुढचा धोका कमी करणे हे वेळेचे काम आहे. तापात आलेला प्रत्येक झटका मेंदूज्वराचा नसतो; लहान मुलांना साध्या तापातही झटका येतो आणि मूल लवकर शुद्धीवर येते. परंतु हा फरक घरी बसून ठरवू नये. मूल एका कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये आणि १०८ ला फोन करावा. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये, विषाणूच्या तापात त्याने मेंदूला वेगळीच इजा होऊ शकते.

चांदीपुऱ्यावर औषध नसले तरी झटके थांबवणे, मेंदूची सूज उतरवणे, रक्तातली साखर सांभाळणे आणि श्वास चालू ठेवणे यांनी काही मुले वाचतात. पण ही सोय अमरावती, अकोला, नागपूर अशा शहरांत आहे आणि धारणीहून अमरावती घाटरस्त्याने जवळपास दीडशे किलोमीटर आहे. झटक्यात असलेले मूल तसेच गाडीत घालून एवढे अंतर पाठवणे म्हणजे वाटेतच मेंदूची आणखी हानी होऊ देणे. झटका आवरणारे औषध पहिल्याच आरोग्य केंद्रात मिळायला हवे. नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा शीर न शोधताही देता येतो. मेळघाटातल्या प्रत्येक उपकेंद्रात तो असावा. धुराच्या मशीनच्या इंधनापेक्षा त्या खर्चातून अधिक जीव वाचतील. भूमका, म्हणजे मंत्राने उपचार करणारा वैदू, गावातला पहिला सल्लागार आहे, तो राहणारच. त्याच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा ‘ताप आणि झटका’ किंवा ‘ताप आणि ग्लानी’ दिसली की मूल आधी दवाखान्यात, मग मंत्र, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले तरी पुष्कळ.

पुण्याहून तपासणीचा अहवाल येईपर्यंत मुलाचे जे व्हायचे ते झालेले असते. म्हणून कोणता विषाणू होता हे कळल्यावर कामाला लागायचे, ही रीत सोडली पाहिजे. १ मेची ग्रामसभा प्रत्येक गावात होते. वाचकांनी आपल्या गावच्या त्या सभेत दोन तारखा ठरवून लिहून घ्याव्यात: भेगा लिंपण्याची मेमधली, आणि कोठ्यासह घरात आतून फवारणीची जूनमधली. हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेवर ढकलला, तर त्या वर्षीचा हंगाम हातचा गेलेला असतो.